उलट फेऱ्याची गाठ

५ फेब्रुवारी १९७२, शनिवार

आज ताईची गाठ हातात आली. सव्वीस वर्षांनी!

लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. कोरियातल्या बुसानहून बांधून आलेला गठ्ठा सकाळी पेढीवर तपासायला घेतला. डोंगरातल्या त्या मोठ्या विश्रामगृहाचे दारपडदे. तीस आलेत, अठरा अजून पाठवायचेत. सतराव्या पडद्यावर हात थांबला. भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारखी बांधणी – चुण्या घालून वरपासून खालपर्यंत दोरा गुंडाळलेला, आणि गाठ मारायच्या आधी एक फेरा उलटा. वेगळं दिसत नाही ते. बोटांना कळतं.

उलटा फेरा जगात कोणी घेत नाही. आई घेते. तिच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही, लहानपणी लाकडं फोडताना गेलं. दोरा दाबून धरता येत नाही म्हणून ती एक फेरा मागे घेते, मग गाठ. ताई आणि मी तिच्या मांडीशी बसून शिकलो, आम्हाला वाटलं अशीच पद्धत असते! पुढे बायका हसायच्या – "अंगठे शाबूत आहेत की गं पोरींनो तुमचे!"

पडदा घडी करून परत गठ्ठ्यात ठेवला. कोणाला बोलले नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

आई दिवसभर खिडकीशी बसून बांधत होती. एकाहत्तर वर्षांची झाली तरी आकड्याला कापड अडकवलं की पाठ ताठ. तीन वेळा तोंड उघडलं मी. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काय गं, मासळीसारखं काय करतेस?"

काही नाही म्हटलं.

७ फेब्रुवारी, सोमवार

तीसही पडदे पुन्हा पाहिले. उलटा फेरा चार पडद्यांवर. चारही पडद्यांच्या कोपऱ्याला एकच चिठ्ठी – नंबर २३.

नोझुएसाहेब मागे येऊन उभे. पेढीचा सगळा कारभार त्यांच्याच हातात, आणि पाय मांजराचे. "तोमिएबाई, तपासायचं आणि पुढे ढकलायचं. पूजा करायची नाही."

मी सहज विचारल्यासारखं केलं – "हे २३ नंबरचं काम कोणाचं हो?"

"मला काय माहीत! दलाल नेतो, खेड्यातल्या बायका बांधतात, दलाल आणतो. नंबर म्हणजे नंबर." मग आवाज खाली घेऊन – "आणि बुसान हा शब्द या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. विश्रामगृहाच्या मालकीणबाई प्रत्येक खोलीत कार्ड ठेवणार आहेत. 'हा पडदा आरिमात्सु गावच्या आज्यांनी बांधला.' कळलं?"

कळलं. गावातल्या आज्यांकडे वर्षभर धड काम नाही, आणि कार्डावर मात्र आज्या!

९ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. रात्री उठून आईच्या दोऱ्यांचे फेरे मोजत बसते.

१२ फेब्रुवारी, शनिवार

या वहीत ताईचं नाव कधी लिहिलं नाही. बाबा गेले तरी घरात ते नाव घेत नाहीत. आज लिहिते. फुसाए.

लढाईत तिला नागोयाच्या कारखान्यात कामाला नेलं. तिथे पाक नावाचा तरुण भेटला. कोरियातून धरून आणलेला, सडपातळ, गाणं म्हणणारा. लढाई संपली. पुढच्या वसंतात त्याचे लोक मायदेशी निघाले, ताईही निघाली. वीस वर्षांची होती. बाबा म्हणाले, "या उंबऱ्याबाहेर पाय टाकलास की मेलीस." तिने वाकून नमस्कार केला आणि पाय टाकला. मी पंधरा वर्षांची, दाराआड उभी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं!

नंतर तिकडून तीन पत्रं आली. बाबांनी तिन्ही न फोडता परत धाडली. आई शेगडीपाशी बसून होती. निखारे सारत राहिली.

आणि मी? माझं लग्न ठरलं होतं. मध्यस्थाने चौकशी केली, ताईचं निघालं, सुपारी परत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कोणी आलंच नाही. खरं सांगायचं तर किती वर्षं मी तिच्यावर जळत होते. मजेत असेल, पोराबाळांत असेल, आणि मी इथे दुसऱ्यांच्या गाठी तपासतेय! मग तिथेही लढाई झाली, बुसान माणसांनी भरून गेल्याचं पेपरात आलं. त्या दिवसापासून धड जळताही येईना.

जिवंत आहे ती. खेड्यात बसून कोणाच्या तरी दारासाठी बांधतेय. नंबर २३ आहे तिचा.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

उरलेले अठरा पडदे परवा जाणार. कोऱ्या कापडावर नक्षीचे ठिपके मारायचं काम माझ्याकडे – रानफुलाच्या निळ्या शाईने. कापड पाण्यात बुडालं की ही शाई नाहीशी होते, माग राहत नाही.

सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट. काठाची पट्टी शिवणीत मुडपली जाते. तिथे कोण बघतं?

पण पडदा २३ लाच मिळायला हवा! दुपारी नोझुएसाहेबांना म्हटलं, "मालकीणबाईंच्या मुख्य दाराचा मोठा पडदा २३ नंबरला द्या. हात सफाईदार आहे." ते खूश झाले. "बघा! लक्ष घातलं की काम दिसतं." लगेच चिठ्ठी लावली.

रात्री कागदावर बारीक अक्षरांचा सराव केला.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत खोलीत एकटी होते. पडद्याच्या खालच्या पट्टीवर, तांदळाएवढ्या अक्षरांत – 'ताई, तू आहेस का? तोमिए.' एवढंच. सव्वीस वर्षांत मनात किती बोलले होते, आणि लिहायला एवढंच सुचलं.

शेवटचं अक्षर वाळायच्या आत दार सरकलं. नोझुएसाहेब! हातात चहाचा पेला. "हाच ना तो मोठा पडदा? पाहू." मी उठेपर्यंत त्यांनी कापड उचललंच. वरची नक्षी बघितली, मधली बघितली. पट्टी त्यांच्या मनगटावर लोंबत होती, अक्षरं वर!

"साहेब, चहा!" मी ओरडलेच. "एक थेंब पडला तर ठिपके उडतील. महिन्याचं काम जाईल."

ते दचकले, कापड ठेवलं. "ओरडायला काय झालं? ऐकू येतं मला."

ते गेल्यावर मी दार घट्ट लावून घेतलं. शाई वाळू दिली. घडी करून, २३ ची चिठ्ठी नीट आहे ना बघून, पडदा गठ्ठ्यात मधोमध घातला. पावणेतीनला दलाल घेऊन गेला.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बारीक पाऊस. गठ्ठ्यावर मेणकापड होतं का? आठवत नाही. आठवत नाही!

३ मार्च, शुक्रवार

बाहुल्यांचा सण, मुलींचा. आमच्याकडे मांडत नाहीत. शेजारच्या कुमेयोमावशीकडून तांदळाचे रंगीत वडे आले. आईने एक खाल्ला, एक ठेवला. कोणासाठी ठेवला ते मी विचारलं नाही.

अजून गठ्ठा नाही.

९ मार्च, गुरुवार

आज गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात तमाशा झाला.

आई आणि मी अंग चोळत होतो. कुमेयोमावशी शेजारच्या घंगाळ्यापाशी. आमची शेजारीण, आईची जुनी जोडीदारीण. चाळीस वर्षं बांधणीत काढली, आता पेढी तिला नुसते दोरे उसवायला बोलावते. ती एकदम मोठ्यांदा – "काय तोमिए, बुसानच्या गाठी तूच तपासतेस म्हणे? छान! आमच्या पानातलं काढून तिकडे वाढायचं, आणि वर आपल्या हाताने पसंतीचा शिक्का!"

पाण्याचे आवाज थांबले. सगळ्या जणी बघायला लागल्या.

"मावशी, मी हुकमाची ताबेदार."

"ताबेदार कसली, चमची आहेस!"

मी आईकडे पाहिलं. आई अंगावर पाणी घेत राहिली. पण घंगाळं रिकामं होतं. रिकाम्यातूनच घेत होती.

घरी येईपर्यंत पुढे पुढे चालत होती. दारात चपला काढताना म्हणाली, "तिकडच्या बायकांचं काम कसं असतं गं?"

काय सांगणार! उत्तर आलं नाही तर? माझीच बोटं चुकली असतील तर? एकदा मेलेली मुलगी तिला पुन्हा मारायला लावू?

म्हटलं, "ओबडधोबड."

"अस्सं," आई म्हणाली आणि लोणच्याचा मुळा चिरायला बसली. विळी फार हळू चालत होती.

२२ मार्च, बुधवार

गठ्ठा आला!!

मोठा पडदा सगळ्यात खाली. माझी अक्षरं आहेत. पुसट, पण आहेत. आणि त्यांच्यावरच, अख्ख्या पट्टीभर, मोहरीएवढ्या गाठी. शंभरच्या वर असतील. नक्षीत त्या नाहीत. मी एकही ठिपका तिथे मारला नव्हता.

उत्तर बांधून पाठवलंय! शाईचा डाग असता तर दलालाने पकडला असता. गाठीत गाठ कोण बघतंय?

पण वाचता येत नाही. बोट फिरवून पाहिलं, नुसती पुरळ. गाठी आत्ताच सोडल्या तर पांढऱ्यावर पांढरं. कापड निळीत जायला हवं, वाळायला हवं, मग दोरे निघाले की पांढरी अक्षरं उमटतील. आठ दिवस. सव्वीस वर्षं काढली, हे आठ दिवस निघत नाहीत.

२४ मार्च, शुक्रवार

रंगारी म्हाताऱ्याने पडदा निळीच्या रांजणात सोडता सोडता पट्टी धरली. "ही पुरळ कसली?"

"नवी वेलबुट्टी आहे. मालकीणबाईंची फर्माईश."

"मुडपायच्या पट्टीत वेलबुट्टी?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रांजणाकडे पाहिलं. मग हुं करून त्याने कापड बुडवलं. हिरवं वर आलं, हवेत निळं झालं. पुन्हा बुडवलं. मी मोजत होते. अकरा वेळा.

२८ मार्च, मंगळवार

पडदे वाळले. गुरुवारी दोरे उसवायचे. मी ठरवलंय – गुरुवारी सातलाच जायचं, मोठ्या पडद्याची पट्टी आधी सोडायची, वाचायची, मुडपून टाके घालायचे. मग कोणी येईना का.

संध्याकाळी नोझुएसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "गुरुवारी मालकीणबाई स्वतः येणार. दोरे उसवताना त्यांना बघायचंय. फोटोवालाही आहे. ठेवणीतले कपडे घालून या."

"किती वाजता?" मी विचारलं.

"दहाला."

म्हणजे वेळ आहे.

३० मार्च, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

सातला पोहोचले, तर फाटकात मोटार! मालकीणबाई पहाटेच्याच निघालेल्या. नोझुएसाहेब कमरेत वाकून वाकून अर्धे झालेले. मोठा पडदा मधोमध चटईवर मांडलेला, कुमेयोमावशी आणि फोटोवाल्यालाही निरोप धाडून बोलावलेलं.

बाई पन्नाशीच्या, शांत. म्हणाल्या, "नवी इमारत सगळी सिमेंटची झाली आहे. लांबच लांब बोळ. आमचे हे म्हणतात, इस्पितळ वाटतं. म्हटलं, दारांवर हाताचं काम असलं म्हणजे माणसाला आपलं वाटेल. हा पडदा पहिल्या दारावर." मग एकदम – "पहिला दोरा मी ओढू?"

नोझुएसाहेब – "आमचं भाग्य!"

मी पुढे झाले. "बाई, वरून सुरुवात करा. खालच्या पट्टीचं मी बघते –"

"तोमिएबाई, मागे व्हा. फोटोत येताय."

कुमेयोमावशीने बाईंना दाखवलं कसं धरायचं, कसा झटका द्यायचा. टक्! टक्! टक्! दोरा सुटत गेला आणि पहिलं जाळं उघडलं. निळ्यावर पांढऱ्या रेषा, मधोमध ठिपका. बाईंचा श्वास थांबला. खरं सांगते, माझाही. इतकं सुंदर काम मी स्वतः कधी केलं नाही.

त्या लहान मुलीसारख्या ओढतच राहिल्या. मावशी दुसऱ्या टोकाने. मी पट्टीकडे सरकत होते, पण मावशीची बोटं चाळीस वर्षांची. भराभर शेवटापर्यंत गेली, दोन्ही हातांनी कापड ताणलं. पट्टी सपाट झाली.

"हे काय लिहिलंय?" बाई वाकल्या. पांढऱ्या ठिपक्यांची अक्षरं, वेडीवाकडी, पहिलीतल्या पोराने काढल्यासारखी. आणि बाईंनी मोठ्याने वाचलं – एकेक अक्षर लावत –

"फुसाए... वारली. मी... मुलगी. आजी... आहे का?"

पुन्हा वाचलं. "आजी आहे का?"

परक्या बाईच्या तोंडून, फोटोवाल्यासमोर, अशी माझी ताई गेली.

नोझुएसाहेब हसले. "बांधणारीची खूण असते हो. जुनी रीत –"

"जुनी रीत?" बाई म्हणाल्या. "हे मला विचारल्यासारखं वाटतंय. हा पडदा कोणी बांधलाय?"

नोझुएसाहेबांचे डोळे माझ्यावर. मला ते दिसत होते आणि दिसत नव्हते. मी म्हटलं, "बुसानला बांधलाय. माझ्या बहिणीच्या मुलीने. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तिकडेच बांधलेत."

"मला सांगितलं होतं, इथल्या आज्यांनी." बाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला.

तेवढ्यात कुमेयोमावशी! तिने उसवलेला दोरा उचलला, त्याचं वेटोळं बोटांत फिरवलं. सरळ, सरळ, सरळ, मग एक उलट. तिचा चेहराच बदलला. "बाई, बाकीच्यांचं मला माहीत नाही. हा हात याच गावचा आहे. हा तोराएच्या, हिच्या आईच्या, अंगठ्याचा हात आहे. मी शंभरात ओळखेन." आणि माझ्याकडे वळून, रागानेच – "मेले, मला सांगायचंस तरी!"

बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग स्वतः पडद्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "हा दारावर लावायचा नाही. घरी न्या." नोझुएसाहेबांना म्हणाल्या, "बाकीचे पाठवा. काम चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. कार्डं छापायची नाहीत. आणि यापुढे माझ्याशी खोटं बोलायचं नाही. खरं म्हणजे यापुढे बोलायचंच नाही."

मोटार गेल्यावर नोझुएसाहेब एवढंच म्हणाले – "उद्यापासून येऊ नका." ओरडले नाहीत. मी आकडा आणि कात्री घेऊन निघाले.

घरी आई बांधत बसली होती. तिच्यासमोर पडदा पसरला. मी काही बोलायच्या आत तिचा हात दोऱ्याच्या खुणेवर गेला, तिथेच राहिला. मग तिने पट्टी डोळ्यांजवळ धरली. आईला अक्षरं लावायला वेळ लागतो. मी थांबले. आयुष्यात कधी एवढी थांबले नाही.

"वारली," आई म्हणाली.

"हो."

"कधी?"

"ते लिहिलं नाही."

"ही पोर – नाव?"

"तेही नाही."

आईने हातातलं जाळं पूर्ण केलं. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "ओबडधोबड म्हणाली होतीस," ती म्हणाली. मग तोंडावर बाही नाही, काही नाही, तशीच उघड्या तोंडाने रडली. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला. पुन्हा ठेवला. मग राहू दिला.

२ एप्रिल, रविवार

आई जेवते आणि खिडकीशी जाऊन बसते. आज ठेवणीतला करडा किमोनो काढून उन्हात टाकला. ताईच्या नावाने देवळात काही करायचं असेल. मी विचारलं नाही.

दलालाचं नाव मिळवायला पेढीवर गेले होते. नोझुएसाहेबांनी दार उघडलं नाही. परत येताना कुमेयोमावशी भेटली. म्हणाली, "मी काढते नाव. मला ते घाबरतात."

४ एप्रिल, मंगळवार

आई घरात नाही! सकाळी उठले तर अंथरुणाची घडी घातलेली. करडा किमोनो नाही. देवळात नाही, न्हाणीघरात नाही, मावशीकडे नाही. पोलीस चौकीवर सांगून आले. ओढ्याकाठाने दोनदा फिरले. पाण्यात बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं.

दुपारी स्टेशनवरचा माणूस म्हणाला, एक आजी पहिल्या गाडीने गेल्या, नागोयाच्या दिशेने. पुढे कुठे, माहीत नाही.

नागोयात आमचं कोणी नाही.

५ एप्रिल, बुधवार

तंबाखूच्या दुकानातून हाक – तोमिए, तुला फोन! शिमोनोसेकीहून. बुसानची बोट सुटते त्या धक्क्यावरचा कारकून. म्हणाला, "तुमच्या आई कालपासून इथे बाकावर बसून आहेत. पासपोर्ट नाही, बोटीवर घेता येत नाही म्हणून सांगितलं, तर म्हणतात, मला कुठे चढायचंय? तिकडे जाणारा जो दिसेल त्याला धरतात. एकच निरोप देतात. बुसानला एक पोर आहे, पडदे बांधते, तिला सांगा – आहे."

"एवढंच?"

"एवढंच. आजी आहे म्हणावं."

साडेअकराच्या गाडीने निघते आहे.